उजाड गावचा सूचना फलक

मी सूचना फलक आहे. सावरदरा तांड्यावर, समाजमंदिराच्या भिंतीला, दोन खिळ्यांवर टांगलेला. माझ्या कपाळावर पांढऱ्या रंगात लिहिलं आहे, 'ग्रामपंचायत कवठडोह'. राहतो सावरदऱ्यात आणि कपाळावर नाव कवठडोहचं. माझा राग इथूनच सुरू होतो, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

फलकानं बोलायचं नसतं. दुसऱ्यानं लिहिलेलं दाखवायचं, एवढंच त्याचं काम. पण माझ्या तोंडून एक खोटी साक्ष वदवून घेतली गेली, आणि तीही ज्यांच्या भिंतीवर मी टेकलो आहे त्याच माणसांविरुद्ध. आता गप्प बसलो तर वाळवी लागायच्या आधीच मी आतून सडेन.

जन्मानं मी साग. घाटंजीच्या पलीकडच्या जंगलातला. मला तोडलं, चिरलं आणि सावरदरा नावाच्या गावात एका घराला दार म्हणून बसवलं. तेव्हा सावरदरा जिवंत होतं. साठेक घरं, एक मारुती, दगडी विहीर, चिंचेची सात झाडं. दिवसातून पन्नास वेळा माझी कडी वाजायची आणि मला त्याचा कंटाळा यायचा. तो कंटाळा किती मोलाचा होता, ते नंतर कळलं.

मानमोडीची, म्हणजे जीवघेण्या तापाची, साथ आली. महिनाभरात अर्धं गाव नदीकाठी गेलं आणि उरलेल्यांनी गाठोडी बांधली. माझ्या घरातली बाई सगळ्यात शेवटी निघाली. तिनं कडी लावली, माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "येते." आपल्याकडं घर सोडताना कोणी 'जाते' म्हणत नाही. ती आली नाही.

त्यानंतरची कित्येक वर्षं मी उजाड म्हणजे काय ते पाहिलं. आधी छपरावरचे कवेलू पडले, मग भिंती विरघळल्या. शेवटी चौकटीत मी एकटा उभा होतो. अलीकडं रान, पलीकडं रान आणि मधे बंद दार. घोरपड यायची, ती वळसा घालून जायची. तिलासुद्धा दाराची गरज नव्हती. म्हणून सांगतो, 'उजाड' हा शब्द मला कोणी शिकवू नये. सरकारनं तेव्हा नकाशावर सावरदऱ्यापुढं कंसात तो शब्द लिहिला, तेव्हा तो खरा होता.

मग माणसं आली. बैलांवर धान्य आणि मीठ लादून गावोगाव फिरणारी बंजाऱ्यांची माणसं. रेल्वे आणि मोटारी आल्या, त्यांची लदेणी, म्हणजे बैलांवरची मालवाहतूक, बसली, तेव्हा त्यांनी सावरदऱ्याच्याच शिवारात, जुन्या गावापासून हाकेच्या अंतरावर, टेकाडावर तांडा टाकला. आज तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, असलेल्या डोंगरसिंगच्या आज्यानं मला चौकटीतून काढलं. दोन दगड ठेवले आणि लिंबाखाली मला आडवा टाकला. म्हणाला, "चांगलं लाकूड हाय. नसाबले बसाले होईन."

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. नायक, कारभारी आणि घराघरातला एक माणूस. दोन पिढ्या ती नसाब माझ्यावर बसली. जनावराचा वाद, सोयरिकीचा रुसवा, बांधाची कुरकुर, सगळं मी पाठीवर घेतलं. त्या नसाबेचा एक रिवाज होता. एखाद्या घराला निर्णय पटत नसला, तर तो माणूस भांडायचा नाही. तो बैठकीला यायचाच नाही. आणि एक जरी घर आलं नाही, तरी नसाब निकाल द्यायची नाही. नायकाला स्वतः उठून त्या घरी जावं लागे. एकदा एका गायीच्या वादात तीन दिवस निकाल थांबला होता. चौथ्या दिवशी नायकानं रुसलेल्या माणसाचा हात धरून त्याला आणलं, माझ्यावर बसवलं, मग बोलणं सुरू झालं. न येणं म्हणजे नकार, आणि नकार असेपर्यंत निकाल नाही. केवढा मानाचा कायदा होता तो. याच कायद्यानं तांड्याचा घात केला.

पुढं गट ग्रामपंचायत झाली. कवठडोह मोठं गाव म्हणून ऑफिस तिथं. तांडा चार किलोमीटरवर, म्हणून तांड्याच्या वाट्याला एक फलक आला. घाटंजीच्या सुतारानं मला रंधा मारला, काळा रंग दिला, कपाळ रंगवलं आणि मी भिंतीवर चढलो.

मला वाटलं होतं, आता माझ्यावर रोज काही महत्त्वाचं लागेल. काय लागलं ते ऐका. रोटाव्हेटर भाड्यानं मिळेल. इंग्रजी बोला तीस दिवसांत. हरवलेल्या बकरीचं वर्णन. लग्नाच्या पत्रिका तर इतक्या, की मुहूर्त टळून वर्ष झालं तरी नवरा-नवरी माझ्या छातीवर हसत राहायची. पंचायतीचा कागद मात्र लागला की फोटोपुरता. सचिव मोटारसायकलवर यायचा, कागद धरायचा, मोबाइलवर फोटो काढायचा आणि कागद खिशात घालून निघून जायचा. त्या फोटोवर तारीख, वेळ, जागा सगळं आपोआप उमटतं म्हणे. कागद किती वेळ होता, ते तेवढं उमटत नाही.

आता मूळ गोष्ट.

तांड्यावर आज एक्क्याऐंशी घरं आहेत. अंगणवाडी आहे, चौथीपर्यंत शाळा आहे, सेवालाल महाराजांचं मंदिर आहे, पहाटे पाच वाजता खोकणारी म्हातारी माणसं आहेत. पण महसुलाच्या कागदात सावरदरा अजून उजाडच. इथं जन्मलेल्या पोराला कवठडोहला जन्मल्याचा दाखला मिळतो. मेलेला माणूस कवठडोहला मेलेला असतो. सावरदऱ्याच्याच शिवारात राहून या माणसांना स्वतःच्या गावात जन्मताही येत नाही आणि मरताही येत नाही. म्हणून तांड्यानं अर्ज केला. आमचं गाव उजाड नाही असं लिहा आणि आम्हाला आमची ग्रामपंचायत द्या. तालुक्याहून उत्तर आलं, गट ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेचा ठराव आणा.

ग्रामसभा कवठडोहला ठेवली. विषय क्रमांक नऊ.

समाजमंदिरासमोर, माझ्याच खाली, तांडा जमला. नायक डोंगरसिंग काठी टेकून बसला होता. पंच्याहत्तरीचा माणूस, शब्द कमी. तो म्हणाला, "ग्रामसभा पाळीपाळीनं हरेक वस्तीत व्हाले पायजे. आपली पाळी कवाच आली नाई. इथं या म्हणा, आमच्या फलकाखाली बसा. तोवर आपण बसाचं नाई."

"मंग ते आपल्या बिगर ठराव करून टाकतीन ना, मामाजी," त्याची सून बबिता म्हणाली. ती अंगणवाडी सेविका आहे. सरकारी कागदांशी तिचा रोजचा झगडा.

"आपण बसलोच नाई तं बैठक होते कशी?"

"त्याहिचा कायदा येगळा असन."

"असन. पण माणूस आला नाई तं त्याच्या घरी जाऊन इचारा लागते, हे तं कोनत्याई कायद्यात असन ना?"

तांड्यातला थट्टेखोर लखीराम मागून म्हणाला, "नायक, सरपंच भगवानराव तुमचा हात धराले येतीन म्हणता? त्याहिले तं निवडणुकीबिगर तांड्याचा रस्ताच सापडत नाई."

सगळे हसले. नायकही हसला. आणि कोणी गेलं नाही.

मी लाकूड आहे, पण त्या दिवशी मला ओरडावंसं वाटलं. अरे, जा. जाऊन तिथं बसा, भांडा, सतरंजी ओढा, पण जा. ज्या नसाबेनं तुमच्या रुसण्याला किंमत दिली ती माझ्या पाठीवर बसायची. ही सभा वेगळी आहे. हिला तुमचा रुसवा सोयीचा आहे.

तसंच झालं. कवठडोहची माणसं तरी ग्रामसभेला कुठं येतात? तीस-पस्तीस जण आले. शंभर भरले नाहीत, कोरम नाही, म्हणून सभा तहकूब. तांड्यात ही बातमी आली तेव्हा लोकांनी मान डोलावली. पाहा, आपण बसलो नाही तर झाली का बैठक? नायकानं चहा पाजला. आणि एक गोष्ट तांड्यात कोणालाच माहीत नव्हती. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला कोरम लागत नाही. चौदा माणसं बसली तरी चालतात.

त्या दुसऱ्या सभेची नोटीस माझ्यावर लागली. लागली म्हणजे कशी, ते सांगतो.

सरकी टोबायचे, पेरणीचे दिवस होते. तांडा सगळा शेतात. माझ्याखाली फक्त सुखीबाई होती. तिला तांड्यात सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. कंबर वाकत नाही म्हणून ती शेतात जात नाही. नातीच्या फेट्याला, म्हणजे घागऱ्याला, आरशाच्या काचा लावत बसलेली असते. सचिव आला. मोटारसायकल चालूच ठेवली.

"मावशी, टाचणी आहे का?"

"टाचणी कायले ठेवू जी? मी का ऑफिस हाय?"

"मग सुई द्या एखादी. दोन मिनिटं."

"दोरा ओवला हाय तिच्यात. सुई पायजे तं दोऱ्यासकट घे बावा. पुन्हा ओवाले डोळे कोनाचे आणू?"

त्यानं लाल दोऱ्यासकट सुई घेतली. कागद माझ्यावर ठेवला आणि सुई टोचली. एका टोकाला लाल दोरा लोंबत होता. त्यानं मागं सरून फोटो काढला, पुन्हा एक काढला. मग सुई उपटून सुखीबाईच्या हातात दिली आणि कागदाची घडी खिशात गेली.

"काय लिवलं होतं त्याच्यावर?"

"काही नाही मावशी, ऑफिसचं आहे."

"मंग ऑफिसात लावाचं ना. येवढ्या उन्हात इथं काहून आणलं?"

तो हसला आणि गेला. सुखीबाईनं सुई साडीला पुसली आणि उरलेलं लाल फूल पूर्ण केलं.

मी तो कागद वाचला होता. ज्याच्या अंगावर लिहिलं जातं तो वाचतोच. 'तहकूब ग्रामसभा, पुढील बुधवार, सकाळी अकरा, विषय क्रमांक एक ते अकरा.' माझ्यासमोरून सात दिवस माणसं गेली. टोबायला जाताना, परत येताना, कोणी माझ्याकडं पाहिलंसुद्धा. मी कोराच होतो.

बुधवारी कवठडोहला चौदा माणसं बसली. ठराव लिहिला, 'तांड्यातील एकही ग्रामस्थ दोन्ही सभांना हजर नाही. स्वतंत्र ग्रामपंचायतीबाबत तेथे कोणाला स्वारस्य दिसत नाही. सबब नामंजूर.'

ही बातमी नायकाला शनिवारी बाजारात कळली. तो परत आला आणि माझ्याखाली येऊन बसला. बबितानं पाणी आणलं, ते त्यानं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मी आपल्या मानसाइले घरी बसवलं. मीच."

"तुमाले काय मालूम होतं, मामाजी."

"नायकाले मालूम असाले पायजे."

मला भगवानरावांचा राग आला, सचिवाचा आला, पण त्या क्षणी सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आला, की चूक ज्याच्या भलेपणातून झाली तो मान खाली घालून बसला होता आणि ज्यांनी ती वापरली ते कवठडोहच्या पारावर पान खात होते. नसाबेतला नायक रुसलेल्याच्या दारी जायचा. या सभेनं दार बंद असल्याचा फोटो काढला आणि लिहून टाकलं, आत कोणी राहत नाही.

तक्रार केली. तालुक्याच्या ऑफिसात सुनावणी लागली. लखीराम म्हणाला, "साक्षीदार नेला पायजे," आणि त्यानं मला खिळ्यांवरून उतरवलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायकांच्या मधे मी घाटंजीला गेलो. दोघांनी मला उचलून आत नेलं, तेव्हा शिपाई म्हणाला, "हे काय, दरवाजा घेऊन आले का?"

"पयले दरवाजाच होता," लखीराम म्हणाला. "नशीब फिरलं बिचाऱ्याचं."

टेबलामागं सुनावणी घेणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी फाइल उघडली. "नोटीस लावल्याचा फोटो आहे. तारीख आहे, जागा आहे. सभेच्या दिवसापर्यंत नोटीस तिथंच होती, असं सचिवांनी लिहून दिलंय. तुम्ही वाचली नाही, त्याला ते काय करणार?"

सचिव भिंतीजवळ उभा होता. भगवानराव खुर्चीत.

बबिता काही बोलणार, तेवढ्यात सुखीबाई पुढं झाली. "बाई, तो फोटो मले दाखवा."

मॅडमनी स्क्रीन वळवली. सुखीबाई नाक टेकेल इतकी जवळ गेली. "हे वरचं लाल काय हाय?"

मॅडमनी फोटो मोठा केला. कागदाच्या वरच्या टोकाला सुई होती आणि सुईतून लाल दोरा लोंबत होता.

"हे सुई माही हाय."

"आजी, सुई कोणाचीही असू शकते."

"यालेच इचारा कोनाची हाय ते." ती सचिवाकडं वळली. "सांग बावा. दोन मिनिटासाठी मागतली होती ना तू? फोटो काढला आन् वापस देल्ली. कागद सात दिवस टांगला होता म्हणता, तं सात दिवस मी कायनं शिवत होती? बोटानं?" तिनं पिशवीतून घागऱ्याची किनार काढून टेबलावर पसरली. "हे फूल पाहा. अर्धं त्याच्या पयलेचं, अर्धं नंतरचं. त्याच दोऱ्याचं."

मॅडमनी सचिवाला विचारलं, "सुई परत दिल्यावर नोटीस कशानं लावली?"

"आठवत नाही, मॅडम."

भगवानराव खाकरले. "मॅडम, आता एका सुईवरून गावचा कारभार चालणार का?"

"तुमचा तं चालला ना," सुखीबाई म्हणाली. "माह्याच सुईवर."

मॅडमनी ओठ दाबले. हसू दाबलं की वैताग, मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, "आजी, तुमचं म्हणणं लेखी द्या. सुई काही फाइलला जोडता येत नाही."

बबितानं तिथंच अर्ज लिहिला. सुखीबाईनं तो हातात घेतला, वरच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची सुई दोन टाके घालून आरपार खोवली आणि टेबलावर ठेवला. "घ्या. जोडली."

पोळा होऊन गेल्यावर आदेश आला. तहकूब सभेचा ठराव रद्द. नव्यानं ग्रामसभा घ्यावी, तांड्यावरच घ्यावी, सात दिवस आधी सूचना फलकावर नोटीस लावावी. तांड्यानं त्या दिवशी नगारा वाजवला. मीही खिळ्यांवर जरा सैल झालो.

मग सचिव नोटीस घेऊन आला. या वेळी टाचण्यांची अख्खी डबी होती त्याच्याकडं. बायका भोवती उभ्या राहिल्या. बबितानं कागद त्याच्या हातातून घेतला आणि मोठ्यानं वाचला, "मौजा सावरदरा, कंसात उजाड, येथे ग्रामसभा आयोजित केली असून सर्व ग्रामस्थांनी उपस्थित राहावे."

ती थांबली. पुन्हा वाचलं. तेच होतं. उजाड गावातल्या सर्व ग्रामस्थांनी उपस्थित राहावं.

माझ्या अंगातली शंभर वर्षांची सुकलेली शीर तडकली. इथं एक्क्याऐंशी घरं नांदताहेत, पोरांचा गलका चाललाय, आणि तिकडं एक माणूस हा कागद टंकतो, दुसरा सही करतो, तिसरा शिक्का मारतो, चौथा आणून लावतो. चौघांपैकी एकाच्याही डोळ्याला तो शब्द टोचत नाही. आणि तो सात दिवस मिरवायचा मी. ज्यानं खरं उजाड पाहिलं आहे, त्यानं.

"गावाच्या नावात असंच येते," सचिव म्हणाला. गडबडीत तोही वऱ्हाडीवर आला होता. "रेकॉर्डले जसं हाय तसं लिहा लागते, ताई."

"कोनता शब्द हाय तो?" सुखीबाईनं विचारलं. तिला अक्षर येत नाही. बबितानं बोट ठेवलं.

सुखीबाईनं कागद मांडीवर घेतला. पिशवीतून बोटाच्या पेराएवढी आरशाची काच काढली, कापडाच्या तुकड्यावर आधीच शिवून ठेवलेली. नव्या सुईत, पुन्हा लालच दोरा. चार टाक्यांत ती काच तिनं त्या शब्दावर बसवली.

"मावशी, सरकारी कागद आहे."

"मी फाडला का? झाकला फक्त. लाव आता."

त्यानं चार टाचण्या मारल्या आणि सवयीनं मोबाइल वर केला. फोटो काढला. पाहिला, आणि त्याचं तोंड उतरलं. कंसाच्या मधे, काचेत, तो स्वतः होता. मोबाइल धरलेला हात आणि अर्धा चेहरा. तो बाजूला सरकला, तिरका उभा राहून पुन्हा काढला. आता काचेत बबिता आली आणि तिच्या मागं लखीरामची टोपी. पाच वेळा त्यानं जागा बदलली. दर वेळी कोणीतरी आलंच.

आज सातवा दिवस. कागद माझ्यावर आहे. रोज पाळीपाळीनं दोन बायका माझ्याखाली बसतात, कापूस वेचायचे दिवस आलेत तरी. उद्या सकाळी अकराला सभा. नायकानं काल घरोघर फिरून प्रत्येकाला सांगितलं, कोणी रुसू नका, मी एकेकाचा हात धरून आणीन. त्याचा आवाज आता पूर्वीसारखा नाही, पण पाय चालतात.

मी साग होतो, दार होतो, नसाबेची बैठक होतो. एकदा एक बाई 'येते' म्हणून गेली आणि मी आयुष्यभर वाट पाहिली. आता माझी वाट पाहायची ताकद संपली आहे. उद्या शंभर भरले नाहीत तर पुन्हा तहकूब, पुन्हा चौदा माणसं, आणि माझ्यावर पुन्हा तेच नाव.

तेव्हा तांडेकरांनो, या. भगवानराव, तुम्हीही या, रस्ता बबिता दाखवील. मॅडम, जमलं तर तुम्हीही. पण सभेत बसायच्या आधी प्रत्येकानं माझ्यासमोर एक मिनिट उभं राहा. नोटीस पूर्ण वाचा. आणि मौजा सावरदऱ्यापुढं, कंसात, काय दिसतंय ते मोठ्यानं सांगा.